डुमना ते सोनेगाव, व्हाया दिल्ली

"आज लेट होऊन राहिलं," मामा म्हणाला. चहाचा कप त्यानं गच्चीच्या कठड्यावर ठेवला आणि मनगट डोळ्यांजवळ नेलं. सात वाजून गेले होते. पूर्वेकडे डुमन्याच्या बाजूला झाडांची काळी रेघ, तिच्यावर विरत जाणारा उजेड. मग एक दिवा दिसला, जागच्या जागी थांबल्यासारखा, आणि बघता बघता खाली सरकत झाडांमागे गेला. मामा जिना उतरून खाली गेला. भिंतीवरच्या कालनिर्णयात त्या तारखेच्या चौकोनात, दुधाच्या हिशेबाशेजारी, पेन्सिलीनं लिहिलं: ७.१८.

मामाचं घर जबलपूरच्या रांझी भागात आहे, पण पत्ता विचारला तर अजूनही तो 'खमरिया' सांगतो. चाळीस वर्षं खमरियाच्या आयुध निर्माणीत काढली, चार्जमन म्हणून निवृत्त झाला, क्वार्टर सोडूनही आता वीस वर्षं होत आली. निर्माणी १९४२ची, दुसऱ्या महायुद्धातली. भोवती निर्माणीची वसाहत, भोंग्यावर चालणारी घड्याळं आणि कधीमधी चाचणीच्या तोफांचा धडाम आवाज. पाहुणे दचकतात, घरातलं कुणी मान वर करत नाही. डुमन्याचा विमानतळ इथून जवळ. विमान उतरताना दिसतं म्हणून मामा त्याच्या वेळा टिपतो. कशासाठी, असं मी एकदा विचारलं. "दारूगोळ्यात आयुष्य गेलं बेटा," तो म्हणाला, "वेळ नोंदवल्याशिवाय काम झाल्यासारखं वाटत नाही."

त्या संध्याकाळी आमचा विषय निघाला तो नागपूरचा. माझी आई, म्हणजे मामाची धाकटी बहीण, नागपुरात धरमपेठेत राहते. ती पंचाहत्तरीची, हा ऐंशीला टेकलेला. दोघांचेही गुडघे गेलेले. एकमेकांना भेटायचं तर मधलं अंतर कुणी कापायचं, हा आमच्या घरातला गेली काही वर्षं चिघळलेला प्रश्न.

"नागपूर इथून किती?" मामानं विचारलं.

"पावणेतीनशे."

"ते रस्त्यानं. वरून?"

मला सांगता येईना. मामानं विजेच्या बिलाची पाठ पुढे ओढली. डुमन्याचे अक्षांश-रेखांश त्याला पाठ, नागपूरच्या सोनेगाव विमानतळाचे मी फोनवर शोधून दिले. उत्तर-दक्षिण फरक दोन अंश पाच मिनिटं, म्हणजे २.०९. एका अंशाला १११ किलोमीटर, म्हणून २३२. पूर्व-पश्चिम फरक एक अंश, पण रेखांश वर उत्तरेकडे जवळ येत जातात, म्हणून बावीस अंशांच्या कोसाईननं गुणायचं. त्यासाठी कपाटातून बांधणी सुटलेलं लॉगॅरिदमचं पुस्तक निघालं. आले १०३. दोघांचे वर्ग, बेरीज, वर्गमूळ. मामानं पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं आणि बिलावर गोल केला: २५४.

फोन २५३ म्हणत होता. "एक किलोमीटर पृथ्वीच्या माथी मार," मामा म्हणाला. "ती कुठं धड गोल आहे!"

२५३ किलोमीटर. वैमानिकांच्या भाषेत १३७ सागरी मैल. जेटला ताशी आठशे किलोमीटर धरायचे आणि चढायला-उतरायला मिळून अर्धा तास जास्तीचा द्यायचा, असा एक ढोबळ हिशेब विमानप्रवासाचं अंतर सांगणारे सर्रास करतात. त्यानं उत्तर येतं एकोणपन्नास मिनिटं. खमरियाहून रिक्षानं जबलपूर स्टेशन गाठून प्लॅटफॉर्मवर चहा घेईपर्यंत एवढा वेळ सहज जातो.

हे एकोणपन्नास मिनिटांचं उत्तर कसं बनतं ते जरा उकलून पाहण्यासारखं आहे, कारण त्यात उडण्याचा भाग फार थोडा. विमानकंपनी वेळापत्रकात जो काळ छापते तो उड्डाणाचा नसतोच. चाकांखालचे ठोकळे काढले तेव्हापासून दुसऱ्या गावी पुन्हा ठोकळे लावले तोपर्यंतचा असतो. त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. धावपट्टीच्या टोकापर्यंत रखडणं त्यात आलं, परवानगीची वाट पाहणं आलं, उतरल्यावर जागा मिळेतो थांबणंही आलं. एवढ्या छोट्या पल्ल्यावर बहुतेक पंख्याचं एटीआर-७२ वापरतात. सत्तरेक माणसांचं, ताशी सुमारे पाचशेनं जाणारं. ते सोळा-सतरा हजार फुटांवर चढेपर्यंत साठ-सत्तर किलोमीटर मागे पडतात. उतरणीचा वैमानिकांचा नियम असा की दर हजार फुटांना तीन सागरी मैल हाताशी ठेवायचे, म्हणजे उतार सुरू होतो नागपूरच्या नव्वद किलोमीटर अलीकडे. मधे सपाट उडायला उरतात नव्वद-शंभर किलोमीटर. अकरा-बारा मिनिटं. हवाई सुंदरीनं पाण्याचा ट्रे पुढे करावी आणि तुम्ही झाकण उघडेस्तोवर खुर्ची सरळ करायची सूचना यावी.

शिवाय रेघ कागदावर सरळ, आकाशात नाही. डुमन्याची धावपट्टी ०६-२४, म्हणजे एक तोंड साधारण ईशान्य-पूर्वेला, दुसरं नैर्ऋत्य-पश्चिमेला. नागपूर जबलपूरच्या दक्षिण-नैर्ऋत्येला, २०४ अंशांवर. पश्चिमेचा वारा असेल तर विमान चोवीसवरून उडतं, डावीकडे थोडं कलतं आणि वाटेला लागतं. वारा फिरला तर सहावरून उडून जवळजवळ तोंड फिरवून यावं लागतं. तिकडे सोनेगावची धावपट्टी १४-३२. बत्तीसवर उतरायचं तर शहर ओलांडून आग्नेयेला जा, तिथून वळून या. अशी चार वळणं झाली की ढोबळ हिशेबाची एकोणपन्नास मिनिटं तास-सव्वा तासाच्या घरात जातात, आणि कंपनी उशिराचा ठपका नको म्हणून वर पाच-दहा मिनिटं आणखी टाकते. वेळेवर पोचल्याची घोषणा करताना आवाजात जो अभिमान असतो तो या टाकलेल्या मिनिटांचा.

ही रेघ नकाशावर पट्टीनं आखून पाहा, मी पाहिली. डुमन्याहून निघाली की ती थेट बरगी धरणावरून जाते. नर्मदेवरचं ते थोरलं पाणी डाव्या खिडकीत पसरलेलं राहील. मग सातपुड्याचं पठार. जवळजवळ मध्यावर सिवनी शहर येतं. पुढे पेंचचं जंगल, उजवीकडे तोतलाडोहचा जलाशय, डावीकडे जरा दूर रामटेकची टेकडी, आणि मग नागपूर.

रामटेक आलं की माझ्यासारख्या नागपूरच्या माणसाला मेघदूत आठवणारच. कालिदासाचा रामगिरी म्हणजे हाच, असं वा. वि. मिराशींनी पुराव्यांनिशी मांडलं, आणि नागपूरकरांनी त्यावर पुन्हा शंका म्हणून घेतली नाही. तो मेघ इथून निघतो, आम्रकूटावर टेकतो, विंध्याच्या पायथ्याशी विखुरलेली रेवा ओलांडतो. म्हणजे आपल्या या भागावरून आकाशमार्गे झालेला पहिला प्रवास रामटेकहून नर्मदेकडेच झाला. आणि त्यातली मेख अशी की उत्तरेला अलकेकडे निघालेल्या मेघाला यक्ष मुद्दाम उज्जैनला वळवतो. वाट वाकडी होते हे त्यालाही ठाऊक आहे, पण मोठ्या नगरीचं दर्शन चुकवू नकोस म्हणतो. विमानकंपन्यांचं आजचं धोरण याहून फार निराळं नाही, फक्त उज्जैनच्या जागी दिल्ली किंवा मुंबई घालायची.

१९८१ मध्ये सरकारनं छोट्या गावांसाठी विमानसेवा काढली तिचं नावही 'वायुदूत' ठेवलं होतं. डॉर्नियरची एकोणीस आसनी विमानं कानपूरला बनायची. यक्षाचा निरोप पोचला की नाही ते कालिदासानं सांगितलं नाही. वायुदूतचं मात्र माहीत आहे. तोटा सोसेना म्हणून १९९३ मध्ये ती इंडियन एअरलाइन्समध्ये विरघळवून टाकली.

मेघाचा वळसा मी स्वतः घालून आले आहे. काही वर्षांपूर्वीच्या जानेवारीत मामा आजारी होता म्हणून गेले होते. परतताना घाई होती, विमान शोधलं. मिळालं ते जबलपूर–दिल्ली–नागपूर. जबलपूर ते दिल्ली सरळ रेषेत ६६५ किलोमीटर, दिल्ली ते नागपूर ८५०. म्हणजे २५३ किलोमीटरसाठी पंधराशेच्या वर. मुंबईमार्गे गेले असते तरी साडेपंधराशेच झाले असते. पहिलं विमान दिल्लीच्या धुक्यामुळे डुमन्याहूनच तीन तास उशिरा निघालं. दिल्लीत उतरले तेव्हा नागपूरचं विमान कधीच गेलं होतं. काउंटरवरच्या मुलीनं पडद्याकडे बघत विचारलं, "मॅम, जबलपूर टू नागपूर? बाय रोड जायचं ना." ती रात्र मी दिल्लीच्या विमानतळावर लोखंडी खुर्चीत काढली. आईचा फोन आला, "पोचलीस?" मी म्हटलं, "आता मी तुझ्यापासून साडेआठशे किलोमीटरवर आहे. सकाळी अडीचशेवर होते." आईला वाटलं, मला ताप चढला.

नागपूरला झीरो माइलचा खांब आहे. देश मोजणाऱ्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाशी त्याचं नातं. तोच भारताचा मध्य, असं आम्ही नागपूरकर पाहुण्यांना सांगतो. जबलपूरकर लगेच शेजारच्या कटनी जिल्ह्यातल्या करौंदीचं नाव पुढे करतात, देशाचा भौगोलिक मध्य तिथं आहे म्हणून. या वादात पडण्यात अर्थ नाही. मला त्या खांबापाशी आवडतात ते चौथऱ्यावर कोरलेले आकडे. सिवनी ७९ मैल. जबलपूर १७० मैल. १७० मैल म्हणजे २७४ किलोमीटर, आजच्या रस्त्याचं अंतर जवळपास तेवढंच. दगडात कोरावं एवढं जबलपूर तेव्हा नागपूरचं होतं.

होतं म्हणजे कागदोपत्रीही होतं. गढा-मंडल्याचं गोंड राज्य १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांनी बुडवलं. १७९८ मध्ये तो मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि १८१७-१८ पर्यंत, इंग्रजांनी जबलपूर घेईतो, त्यांच्याकडेच राहिला. पुढे १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला, त्याची राजधानी नागपूर. जबलपूरच्या माणसाला सरकारी काम म्हणजे नागपूर, हे पंचाण्णव वर्षं चाललं. गोलबाजारातली महाराष्ट्र शाळा, दत्ताचं देऊळ, तिथली गणपतीतली नाटकं, घरात मराठी आणि फाटकाबाहेर हिंदी बोलणारी घरं, हे सगळं त्या ये-जा करण्यातून उभं राहिलं.

मग १ नोव्हेंबर १९५६. राज्यं भाषेप्रमाणे वाटली गेली. नागपूर द्विभाषिक मुंबई राज्यात गेलं, जबलपूर नव्या मध्य प्रदेशात. राजधानी आपल्याकडे येईल अशी जबलपूरला आशा होती, ती भोपाळला गेली. जबलपूरला मिळालं उच्च न्यायालय, आणि ते गेलं नागपूरहूनच. मुख्य न्यायमूर्ती हिदायतुल्ला नागपूरचे होते ते जबलपूरचे झाले. माझे आजोबा त्या न्यायालयात कारकून होते. दप्तराच्या पेट्यांबरोबर तेही गेले. मामा तेव्हा दहा वर्षांचा, आई सहाची. आई सांगते, निघताना आजी म्हणाली होती, "जवळच तर आहे, महिन्याला येऊ." पुढे मामा खमरियात लागला, आई लग्न होऊन परत नागपूरला आली. महिन्याला येणं वर्षावर गेलं.

अंतर एका किलोमीटरनंही वाढलं नव्हतं. पण एकाच प्रांताची दोन मोठी गावं होती ती दोन राज्यांची झाली. जबलपूरचा मंत्री भोपाळला, नागपूरचा मुंबईला. वकील, बदल्या, निविदा, कॉलेजचे प्रवेश, सगळं आपापल्या राजधानीकडे वळलं. कुणाला रोज कुठं जावं लागतं यावर गाड्या सुटतात, आणि गाड्या सुटतात तिथंच पुढे विमानं सुटतात. एकोणपन्नास मिनिटांचा पल्ला दिल्लीवरून का जातो याचं उत्तर मला कुठल्याही वेळापत्रकापेक्षा त्या नोव्हेंबरात जास्त सापडतं.

रेल्वेनं तर आधीपासूनच नागपूर-जबलपूरशी खोडी काढून ठेवली होती. १८७० च्या मार्चमध्ये मुंबईकडून आलेला रूळ आणि कलकत्त्याकडून आलेला रूळ जबलपुरात एकत्र आले. देशाच्या दोन टोकांमधला पहिला सलग लोहमार्ग तो. त्या दिवशी जबलपूर हिंदुस्थानच्या मधोमध आलं, पण नागपूर मात्र तिथून आडवाटेलाच राहिलं. नागपूरहून जायचं तर इटारसीला वर चढायचं आणि तिथून पूर्वेला वळायचं. हे अंतर भरतं ५४३ किलोमीटर, सरळ रेषेच्या दुपटीहून जास्त. अमरावती-जबलपूर गाडी अजून याच वळशानं रात्रभर जाते. आमच्या लहानपणी ही गाडी म्हणजेच मामाचं गाव. मध्यरात्री इटारसीला दिव्यांखाली पुरीभाजीचे द्रोण, इंजिन बदललं की नाही यावरून वडीलधाऱ्यांची हुज्जत, आणि सकाळी मदनमहाल आलं की बिस्तर गुंडाळायची घाई.

दुसरी वाट होती सातपुड्यातून. बंगाल नागपूर रेल्वेनं १९०३ ते १९०५ या काळात गोंदियाहून बालाघाट, नैनपूरमार्गे जबलपूरपर्यंत अडीच फुटी रूळ नेले. गाडी इतकी सावकाश की आजोबा म्हणत, डब्यातून उतरून सीताफळं तोडावीत आणि मागच्या डब्यात चढावं. ती छोटी लाईन २०१५ मध्ये बंद झाली, रूळ रुंद होऊन २०२०-२१ च्या सुमारास पुरी झाली. आता गोंदियावरून नागपूर-जबलपूर ३६० किलोमीटरच्या आत-बाहेर येतं. रुंद रुळानं दोन्ही गावांना पावणेदोनशे किलोमीटर जवळ आणलं, हे काही कमी नाही.

रस्त्याचं सांगायचं तर तो आता उत्तम आहे. पूर्वी सिवनीच्या अलीकडे कुरईचा घाट आणि पेंचमधला अरुंद पट्टा यांनी जीव काढला होता. वनखात्याची परवानगी, कोर्टकज्जे, वर्षानुवर्षं खड्डे. आता तिथं वाघांना खालून जायला मार्ग ठेवलेत, महाराष्ट्राच्या बाजूलाच असे नऊ, आणि मध्य प्रदेशाच्या हद्दीत गाड्यांचा आवाज नि दिव्यांचा झोत जंगलात जाऊ नये म्हणून रस्त्याकडेनं उंच भिंती. वाघाची सोय झाली म्हणून माणसाचा रस्ता झाला. तिलवाराघाटाला नर्मदा ओलांडली की पाच तासांत नागपूर. याच रस्त्यानं विमानाचा धंदा बसवला, असं जबलपुरातले प्रवासी दलाल सांगतात, आणि त्यांचं गणित खोडायला कठीण आहे. तास-सव्वा तासाचं उड्डाण, त्याआधी दीड तास हजेरी, डुमन्याला जायचा अर्धा-पाऊण तास, सोनेगावहून घरी यायचा तेवढाच. बेरीज चारच्या आसपास. टॅक्सीवाला दारातून उचलतो, दारात सोडतो, मधे सिवनीला चहा पाजतो. अडीचशे किलोमीटरच्या पल्ल्यावर विमान हरतं ते वेगात हरत नाही, दोन्ही टोकांना हरतं.

तरीही अशा पल्ल्यांवर विमानं सुरू करायची जिद्द सरकारनं धरली. 'उडान' योजनेचं पहिलं विमान २७ एप्रिल २०१७ ला सिमल्याहून दिल्लीला उडालं. तासाभराच्या प्रवासाला अडीच हजार रुपयांची मर्यादा, राहिलेला तोटा तीन वर्षं सरकार भरून देणार. जबलपूर–बिलासपूर हा जोड त्यातूनच आला. १ मार्च २०२१ ला बिलासपूरहून जबलपूरमार्गे दिल्लीची एटीआर सेवा सुरू झाली. डुमना ते बिलासपूर सरळ रेषेत २४९ किलोमीटर, नागपूरएवढंच जवळ. पण तिथं विमानाला काम होतं, कारण शेवटी ते दिल्लीला जात होतं. मामाच्या रेषेच्या पूर्वेला, डुमन्याच्या जवळजवळ दक्षिणेला, गोंदियाची बिरसी धावपट्टी आहे, अवघ्या १८५ किलोमीटरवर. मार्च २०२२ मध्ये तिथून इंदूर आणि हैदराबादला विमान सुरू झालं, काही महिन्यांत थांबलं, डिसेंबर २०२३ पासून दुसऱ्या कंपनीनं हैदराबाद-तिरुपती धरलं. अमरावतीच्या बेलोऱ्यालाही एप्रिल २०२५ मध्ये मुंबईचं विमान आलं. बिरसी असो की बेलोरा, शेजारच्या गावाला जोडणारं विमान यात एकही नाही. सगळ्यांचं नाक महानगराकडे.

महालेखापरीक्षकांचा २०२३चा अहवाल वाचला तर हे का होतं ते दिसतं. तपासलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ सुरूच झाले नाहीत. जे ३७१ झाले त्यातल्या ११२ मार्गांनीच तीन वर्षं पुरी केली, आणि सवलत संपल्यावरही टिकून मार्च २०२३ ला चालू होते ते ५४. मी हे आकडे मामाला वाचून दाखवले. दारूगोळ्याच्या निर्माणीत इतका माल नापास झाला असता तर, असं काहीतरी तो बोलेल अशी माझी अपेक्षा होती. तो म्हणाला, "चोपन्न टिकले? बरे टिकले."

जबलपूरकर मात्र इतक्या सहज मानायला तयार नाहीत. डुमन्याची धावपट्टी १,९८८ मीटरवरून २,७५० मीटर केली, मोठी जेट उतरावीत म्हणून. गोंडी चित्रांनी सजवलेली नवी टर्मिनल इमारत झाली, १० मार्च २०२४ ला पंतप्रधानांनी दुरूनच तिचं उद्घाटन केलं. आणि इमारत मोठी झाली तसतशी विमानं कमी होत गेली, असं शहराचं म्हणणं. जून २०२४ मध्ये नागरिकांनी 'नो फ्लाइंग डे' पुकारला, त्या दिवशी विमानानं जायचंच नाही. विमानं कमी म्हणून विमानावर बहिष्कार, हे ऐकून मला हसू आलं होतं. पण उपोषणही अन्न हवं म्हणूनच करतात की. प्रकरण जनहित याचिकेनं उच्च न्यायालयातही गेलं, नागपूरहून पेट्यांत भरून आलेल्या त्याच न्यायालयात. त्याच महिन्याच्या शेवटी पावसाचं पाणी साचून नव्या टर्मिनलसमोरचं कापडी छत फाटलं आणि खाली उभ्या मोटारीवर आलं. दुसऱ्या दिवशी दिल्लीत त्याहून मोठं छत कोसळलं आणि जबलपूरची बातमी आतल्या पानावर गेली. इथंही दिल्लीनं वळसा घालायला लावलाच.

डुमन्याचं खरं वैशिष्ट्य जंगल आहे. विमानतळाच्या वाटेवर राखीव वन, खंदारीचा तलाव, रस्त्यावर चितळं. ४ डिसेंबर २०१५ च्या संध्याकाळी मुंबईहून आलेलं क्यू-४०० उतरताना धावपट्टीवर रानडुकरांचा कळप आडवा आला. विमान धावपट्टी सोडून बाहेर गेलं, चाकं मोडली, पण आतली माणसं सुखरूप निघाली. मामाच्या त्या वर्षीच्या कालनिर्णयात चौकोनात वेळ आहे आणि पुढे एकच शब्द: 'सूअर'. उगाच मराठीत 'डुक्कर' लिहिलेलं नाही, कारण बातमी त्याला दूधवाल्यानं दिली होती.

गंमत म्हणजे याच आकाशाच्या मध्यावर नागपूरचा एकेकाळी मोठा दबदबा होता. जानेवारी १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास अशा चार ठिकाणांहून डाकोटा विमानं रात्री निघत, मध्यरात्रीनंतर सोनेगावला जमत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करत आणि उजाडायच्या आत आपापल्या गावी परत. १९७३ पर्यंत हे चाललं. रात्री दोन वाजता सोनेगावच्या पट्टीवर देशाची चारही टोकं शेजारी शेजारी उभी असत. आजी त्या काळात जबलपूरहून नागपूरला पोस्टकार्ड टाकी, ते इटारसीवरून तिसऱ्या दिवशी पोचे.

खमरियाच्या निर्माणीचं मुख्यालयही हल्ली हललंय. १ ऑक्टोबर २०२१ ला आयुध निर्माणी मंडळ मोडून सात कंपन्या झाल्या, खमरिया म्युनिशन्स इंडियाकडे गेली आणि तिचं मुख्यालय पुण्याला आलं. भंडारा, वरणगाव, देहूरोड, खडकी, सगळ्या तिच्या बहिणी झाल्या. पासष्ट वर्षांनी जबलपूरचा कागद पुन्हा मराठी मुलखाकडे निघाला. "आता पुण्याचं विमान भरेल," मामा म्हणाला. डुमना ते पुणे ८१६ किलोमीटर, त्यानं तेही काढून ठेवलं होतं.

गेल्या वर्षी भाऊबीजेच्या आधी आई आणि मामा यांची फोनवर तीन दिवस बोलणी चालली. मामाला पाच तास मोटारीत बसवत नव्हतं, आईलाही नाही. विमान शोधून पाहिलं, पुन्हा दिल्ली. मामानंच तोडगा काढला. विजेच्या बिलावरच्या त्या रेषेचा मध्य त्यानं मोजला होता. "सिवनी," तो म्हणाला. "निम्मं तू ये, निम्मं मी येतो."

आम्ही सकाळी आठला निघालो. मनसर, खवासा, उंच भिंतींमधला तो बोगद्यासारखा रस्ता. मामा शेजाऱ्याच्या मुलाला घेऊन खमरियाहून निघाला होता. सिवनीच्या दलसागर तलावाच्या काठी आमची गाडी आधी लागली, पंधरा मिनिटांनी मामाची. तो उतरला तो दार धरूनच, आणि पहिल्यांदा त्यानं घड्याळ पाहिलं. "दोन तास छप्पन. तुमचं?"

"अडीच," आई म्हणाली.

"मग मी जास्त आलो."

मोटारीच्या बॉनेटवर टॉवेल अंथरून आईनं ताम्हण ठेवलं. तळ्यावरून वारा येत होता, निरांजन राहीना. शेजाऱ्याच्या मुलानं गाडीची काच खाली केली, आई आत हात घालून मागच्या सीटवर ज्योत पेटवी आणि बाहेर काढेतो ती विझे. शेवटी मामाच आत जाऊन बसला, आई दाराशी उभी राहिली आणि तिथंच ओवाळलं. त्यानं खव्याच्या जिलबीचा डबा पुढे केला, आईनं संत्र्याची बर्फी. येणारी-जाणारी माणसं थबकून पाहत होती. एका बाईनं मला विचारलं, "बहनजी, आप लोग कहाँ के हैं?" मला चटकन उत्तर सुचलं नाही.

चार घास झाले. निघताना आई मामाला म्हणाली, "दादा, पुढच्या वर्षी तू लखनादौनपर्यंतच ये. तेवढं आम्ही पुढे येतो."

मामानं डोळे बारीक करून हिशेब केला. "साठ किलोमीटर जास्त होतील तुला."

"होऊ देत."

"आणि लखनादौनला ओवाळायला बसायचं कुठं?"